भेंडीवरचा केवडा आणि पांढरी माशी

पुण्याच्या दक्षिण बाजूस स्वारगेट म्हणून जो भाग ओळखला जातो, तेथें बसगाड्यांचा गोंगाट, उड्डाणपूल आणि माणसांची गर्दी यांखेरीज दुसरें कांहीं असेल असें नवख्या माणसास वाटत नाहीं. घोडेस्वारांच्या चौकीवरून हें नांव पडलें असें सांगतात; स्वार गेले, चौकीही गेली, नांव मात्र राहिलें. परंतु या गर्दीच्या पोटांतून एक जुना जलमार्ग अजून वाहतो आहे. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें आणि त्याच्या उजव्या अंगानें निघालेला मुठेचा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून, स्वारगेटच्या बाजूनें पुढें हडपसरकडे गेला. २०१८च्या सप्टेंबरांत दांडेकर पुलाच्या बाजूस या कालव्याची भिंत फुटून पाणी वस्तींत शिरलें, तेव्हां आपल्या उशाशीं कालवा आहे ही गोष्ट कित्येक पुणेकरांच्या प्रथमच ध्यानांत आली असावी.

हा कालवा होण्यापूर्वीं शहराभोंवतीं भाजीपाला पिकत नव्हता असें नव्हे. विहिरी होत्या, मोटा होत्या, आणि पेशवाईपासून शहराला भाजी व फुलें पुरविणारीं माळ्यांचीं घराणीं होतीं. कालव्यानें फरक केला तो उन्हाळ्याचा. चैत्र-वैशाखांत जेथें जमीन तापून पडून राहावयाची, तेथें पाटाचें पाणी खळखळूं लागलें, आणि पावसाळी भेंडीच्या जोडीस उन्हाळी भेंडी आली. १८८६ सालीं शहरांत रे मार्केट उघडलें. पुढें त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव मिळालें, आणि ज्यांच्या वडिलांचें पुण्यांत भाजीपाल्याचें दुकान होतें त्यांचेंच नांव भाजीबाजारास लाभावें हें उचितही होतें. आतां घाऊक बाजार मंडईंतून उठून स्वारगेटच्याच शेजारीं गुलटेकडीस गेला आहे. कालव्याकांठच्या मळ्यांच्या जागीं इमारती उभ्या आहेत आणि भेंडी पुरंदर, दौंड, खेड येथून येते. पण बारमाही पाण्याबरोबर जो एक प्रश्न या भाजीच्या पाठीस लागला, तो मात्र मळ्यांबरोबर गेला नाहीं. तो भेंडीबरोबरच गांवोगांव हिंडत राहिला.

तो प्रश्न म्हणजे केवडा. भेंडीच्या कोंवळ्या पानाच्या शिरा प्रथम फिकट होतात, मग हळदीसारख्या पिंवळ्या, आणि हिरव्या पानावर पिंवळें जाळें टाकल्यासारखें दिसूं लागतें. कांहीं दिवसांनीं सारें पानच पिंवळें होतें. झाड खुरटतें आणि त्यावर येणारी भेंडी पांढुरकी, आखूड व राठ निघते. शेतकऱ्यांनीं या विकृतीस केवड्याच्या पिंवळ्या पातीचें नांव दिलें. नांव सुवासिक आहे, वस्तु नाहीं. मंडईंत भेंडीचें टोंक मोडून पाहणाऱ्या गृहिणीनें जी भेंडी टोपलींत परत टाकली, तींतील पुष्कळशी या केवड्याच्या झाडांचीच असते, आणि ती परत टाकली गेली म्हणजे शेतकऱ्याची मजुरीही सुटत नाहीं.

या रोगाची शास्त्रीय नोंद पुण्यासच झाली. १९२४ सालीं जी. एस. कुलकर्णी यांनीं पुण्याच्या कृषि-कॉलेजच्या मासिकांत मुंबई इलाख्यांतील पिकांवरच्या मोझाइक रोगांविषयीं लेख लिहिला. भेंडीच्या केवड्याची पहिली नोंद म्हणून आजही त्याच लेखाचा हवाला दिला जातो. हें कॉलेज १९०७ सालीं स्थापन झालें होतें आणि हॅरल्ड मॅन यांच्यासारखा प्राचार्य त्याला आरंभींच लाभला होता. शेताच्या बांधावर जाऊन पाहावें आणि मग लिहावें, ही तेथील शिस्त. पण बांधावर जाऊनही एक गोष्ट दिसत नव्हती. रोगट पानावर बुरशी नव्हती, जंतु सांपडत नव्हता, मुळें निरोगी होतीं. मग रोग येतो कोठून आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो कसा?

उत्तर यावयास सोळा वर्षें लागलीं. १९४० सालीं बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर या त्रयीनें पुण्याहून ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें. रोगट झाडाचा रस काढून निरोगी पानावर चोळला तर रोग होत नाहीं. रोगट झाडाच्या बियांपासून उगवलेलें रोप निरोगी निघतें. परंतु रोगट फांदीचें कलम निरोगी झाडावर बांधलें कीं केवडा उमटतो. म्हणजे रोगाचें बीज झाडाच्या आंत जिवंत वाहत आहे, पण तें बाहेर काढून देणारा कोणी दूत हवा. तो दूत म्हणजे पांढरी माशी. कपूर व वर्मा यांनीं १९५० सालीं या सगळ्या प्रयोगांचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि वर्मा यांनीं पुढील पांच वर्षें या माशीच्या व विषाणूच्या नात्याचाच पाठपुरावा केला. पुण्यांत आज भारतीय कृषि संशोधन संस्थेचें जें केंद्र वनस्पतींच्या विषाणूंवर काम करतें, तें या परंपरेचें वारस म्हणतां येईल.

माशी म्हटली म्हणजे घरांतली माशी डोळ्यांपुढें येते. हिचें तिच्याशीं कांहीं नातें नाहीं. ही मावा, तुडतुडे आणि खवले किडे यांच्या कुळांतली. लांबी अवघी एक मिलिमीटर. पंखांवर मेणाची पांढरी पूड, म्हणून हें नांव. भेंडीचें पान उलटावें तर खालच्या बाजूस पिठाचे कण सांडल्यासारख्या या बसलेल्या असतात आणि धक्का लागतांच भुरकन उडून पुन्हां त्याच पानाखालीं येतात. अंडीं घालतात तीं पानाच्या पाठीवर, एकेका बारीक देंठानें पानांत रोंवून. पिल्लू बाहेर पडलें कीं चार पावलें चालतें, जागा निवडतें, सोंड खुपसतें आणि पंख फुटेपर्यंत तेथून हलत नाहीं. रस शोषून शोषून जो गोड चिकटा बाहेर पडतो त्यावर काळी बुरशी धरते. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्ण हवेंत हा सारा संसार तीन आठवड्यांच्या आंतबाहेर उरकतो. कालव्याच्या पाण्यानें उन्हाळी भेंडीला पावसाळी भेंडीशीं जोडून दिलें, तेव्हां या माशीसही वर्षभराचा शिधा मिळाला, हें आतां सहज लक्षांत येईल.

हिच्या नांवाचाही एक इतिहास आहे. १८८९ सालीं ग्रीस देशांत गेन्नाडियस यानें ती तंबाखूवर पाहिली आणि तंबाखूवरून तिला टाबाकी हें नांव दिलें. चाळीस वर्षांनीं बिहारमधील पुसा येथें मिश्र आणि लांबा यांस ती कापसावर आढळली. त्यांनीं ती नवी समजून १९२९ सालीं तिला ‘कापूसनाशिनी’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. दोन्ही एकच, हें पुढें ठरलें. पंजाबांत लायलपुरास हुसेन व त्रेहान यांनीं १९३३ सालीं तिच्या जीवनक्रमाचा जो अभ्यास छापला, तो अजूनही वाचण्यासारखा आहे. ती शेंकडों जातींच्या वनस्पतींवर जगते. तंबाखू, कापूस, भेंडी, वांगें, टोमॅटो, काकडी, बांधावरचें तण, कुंपणावरचें फूलझाड, सारें तिला चालतें.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचें सर्व त्यावर अवलंबून आहे. पीक खाणारी कीड आणि रोग वाहणारी कीड यांचा बंदोबस्त एका रीतीनें होत नाहीं. अळी पान खाते, तेव्हां शंभरांतल्या नव्वद अळ्या मारल्या तर पीक वांचतें. पण पांढरी माशी विषाणू घेऊन आली तर उरलेल्या दहांनींही काम भागतें. शिवाय हा विषाणू तिच्या सोंडेच्या टोंकास चिकटलेला नसतो. तो तिच्या आंतड्यांतून रक्तांत आणि रक्तांतून लाळेंत उतरतो. माव्यानें वाहिले जाणारे कांहीं विषाणू असे आहेत कीं माव्यानें दुसऱ्या झाडावर एकदोनदां सोंड टोंचली म्हणजे सोंड पुसली जाते आणि मावा निरुपद्रवी होतो. पांढऱ्या माशीचें तसें नाहीं. एकदां विषाणू अंगीं भिनला कीं ती तो दीर्घकाळ, बहुधा मरेपर्यंत, वाटीत फिरते. तिला मारणारें औषध चढण्यापूर्वीं तिनें रोग देऊन टाकलेला असतो.

म्हणूनच खरा प्रश्न ‘किती माशा मेल्या’ हा नसून ‘पहिली माशी किती उशिरा आली’ हा आहे. १९७४ सालीं शास्त्री व सिंह यांनीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांवरून हें चांगलें स्पष्ट होतें. रोग किती वयाच्या झाडास लागला त्याप्रमाणें उत्पन्नाची हानि ५० पासून ९४ टक्क्यांपर्यंत भरली. पेरणीनंतर पहिल्या पांच आठवड्यांत केवडा आला तर जवळजवळ सर्वस्व गेलें; दोन महिने टळला तर निम्में हातीं लागलें. तेव्हां माशीला कायमची हद्दपार करण्याची गरज नाहीं. तिला महिना-दीड महिना दारांत खोळंबून ठेवितां आलें तरी शेतकऱ्याचा संसार चालतो. सापळ्याचीं झाडें आणि पिटाळून लावणारे उपाय यांची सारी किंमत या दीड महिन्यांत आहे.

किडीला आवडतें झाड शेजारीं लावून मुख्य पीक वांचवावें ही कल्पना महाराष्ट्रांत नवी नाहीं. कापसांत भेंडीची एखादी ओळ टाकावी, म्हणजे ठिपक्यांची बोंडअळी आधीं भेंडीवर जाते, ही शिफारस जुनी आहे. गंमत अशी कीं जी भेंडी तेथें कापसाची राखणदार झाली तीच पांढऱ्या माशीची आवडती खाणावळ! तेव्हां एका शत्रूसाठीं मांडलेला सापळा दुसऱ्या शत्रूचें पाळणाघर ठरूं शकतो. कापसाच्या बाबतींत असाच एक पेंच पानांवरील लवेनें घातला आहे. केंसाळ पानाच्या जातींवर तुडतुडे बसत नाहींत म्हणून त्या निवडल्या गेल्या. पण पांढऱ्या माशीस तीच लव मऊ गादीसारखी मानवते.

पांढऱ्या माशीसाठीं सापळ्याचें झाड निवडतांना दोन अटी पाळाव्या लागतात. तें तिला मुख्य पिकापेक्षां अधिक आवडलें पाहिजे, आणि मुख्य पिकाचा विषाणू त्यांत राहतां कामा नये. जॉर्डन देशाच्या खोऱ्यांत अल्-मूसा यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीनें प्रसिद्ध आहे. टोमॅटोच्या ओळींत त्यांनीं आधींच काकडी लावली. माशा काकडीवर रमल्या, काकडीस टोमॅटोचा तो विषाणू लागत नव्हता, आणि टोमॅटोवरील रोग लांबला. उपाय साधा, खर्च थोडा. पण तो तसाच्या तसा उचलून दख्खनमध्यें आणतां येत नाहीं. हिंदुस्थानांत टोमॅटोची पानें आकसविणारा एक विषाणू असा आहे कीं तो काकडी, दुध्या भोपळा, घोसाळें यांवरही उतरतो. त्याला शास्त्रज्ञांनीं नवी दिल्लीचें नांव दिलें आहे. अशा मुलखांत काकडी लावणें म्हणजे चोराला चोरीपूर्वीं मुक्कामाची सोय करून देणें होय. भेंडीच्या बाबतींत मात्र परिस्थिति बरी आहे. केवड्याचा विषाणू भेंडीच्या कुळाबाहेर फारसा जात नाहीं. वांगें माशीला अत्यंत प्रिय, पण त्यांत हा विषाणू टिकत नाहीं. भेंडीच्या कडेनें वांग्याच्या ओळी आधीं लावण्यामागें हें तर्कशास्त्र आहे. त्यांवर माशा जमल्या कीं तेथेंच त्यांचा बंदोबस्त करावयाचा असतो. हा दुसरा भाग विसरला गेला तर पहिल्या भागापासून अपायच अधिक. कारण आलेली माशी निर्विष होत नाहीं, ती केवळ थांबलेली असते.

थांबविण्याचा दुसरा मार्ग झाडांच्या भिंतीचा. भेंडी किंवा टोमॅटो यांच्या भोंवतीं मका, ज्वारी अथवा बाजरी यांच्या दोन-तीन ओळी दोन-तीन आठवडे आधीं पेरतात. पांढरी माशी दुबळी उडणारी. वाऱ्यावर वाहत येते आणि उंच पिकांत अडकते. जोंधळ्याच्या कडेनें दुसरें पीक लावण्याची दख्खनी शेतकऱ्याची चाल पिढ्यान् पिढ्यांची आहे. मात्र बांधावरची अंबाडी येथें उपयोगाची नाहीं, ती भेंडीच्याच कुळांतली.

माशी झाड ओळखते कशावरून? वासावरून, असें कोणालाही वाटेल. १९२१ सालीं इंग्लंडमध्यें लॉइड यानें कांचघरांतील पांढऱ्या माशीवर प्रयोग करून दाखविलें कीं ती पिंवळ्या रंगाकडे ओढली जाते. १९६२ सालीं माउंड यानें तंबाखूच्या माशीवर तोच प्रश्न तपासला, आणि त्याच्या प्रयोगांत वासापेक्षां रंगच प्रभावी ठरला. नवल हें कीं तिला दोन प्रकारचे प्रकाश खुणावतात. आकाशांतील नीलातीत किरण तिला उडावयास लावतात, आणि पिंवळा-हिरवा रंग तिला उतरावयास सांगतो. ही एक गोष्ट समजतांच दोन उपाय हातीं आले. चिकट लेप लावलेला पिंवळा पत्रा शेतांत टांगला तर माशी त्यावर उतरून अडकते. आणि जमिनीवर चंदेरी प्लास्टिक अंथरलें तर आकाशच खालीं आल्याचा भास होऊन ती उतरत नाहीं. इस्रायलमध्यें कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं १९७०च्या दशकांत याहून धूर्त युक्ति योजली. त्यांनीं वाफ्यांत पिंवळें प्लास्टिक अंथरलें. माशा मोहानें त्यावर उतरल्या आणि उन्हानें तापलेल्या प्लास्टिकवर मेल्या. रोपें वाढून तें झांकलें जाईपर्यंत हा डाव चालतो, पुढें नाहीं. पण आरंभींचे आठवडेच महत्त्वाचे असल्यामुळें तेवढें पुष्कळ झालें.

वासाचें प्रकरण मात्र तेवढ्यानें संपलें नाहीं. ज्या घरांत गुढीपाडव्यास कडुनिंबाचीं पानें खाल्लीं जातात आणि धान्याच्या कणगींत तींच पानें घातलीं जातात, तेथें कडुनिंबाचा गुण सांगावयास शास्त्रज्ञाची वाट कोणी पाहिली नाहीं. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहितें’तही वृक्षांच्या रोगांवर वावडिंगाचे लेप सांगितले आहेत. पण गुण माहीत असणें वेगळें आणि तो मोजणें वेगळें. १९६२ सालीं दिल्लीवर टोळधाड आली, तेव्हां भारतीय कृषि संशोधन संस्थेंतील प्रधान व त्यांचे सहकारी यांनीं निंबोळीच्या गराचें पाणी पिकांवर शिंपून पाहिलें. टोळ पिकावर उतरले, पण त्यांनीं तें खाल्लें नाहीं. १९६८ सालीं इंग्लंडमध्यें बटरवर्थ व मॉर्गन यांनीं निंबोळींतून अझाडिरॅक्टिन वेगळें काढिलें. हें द्रव्य किडीची भूक मारतें, अंडीं घालण्यापासून तिला परावृत्त करतें आणि पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतें. पांढऱ्या माशीवर त्याचा परिणाम सावकाश होतो. ज्यानें फवारणीच्या दुसऱ्या दिवशीं मेलेल्या माशा मोजण्याची हौस धरली त्याची निराशा होते. पांच किलो निंबोळीचा गर शंभर लिटर पाण्यांत, हें पांच टक्क्यांचें प्रमाण आतां सर्वत्र रूढ आहे. महाराष्ट्रांतील शेतकरी दहा प्रकारचा पाला कुजवून जो दशपर्णी अर्क करतात, त्यांतही कडुनिंबास अग्रमान असतो.

झेंडूची गोष्ट याहून मनोरंजक. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं गुलटेकडीस झेंडूचे ढीग लागतात, ते सर्व केवळ फुलांच्या शेतांतून आलेले नसतात. पुष्कळ शेतकरी टोमॅटोच्या ओळींमध्यें झेंडू लावतात आणि सणास फुलें तोडतात. फळ पोखरणारी अळी झेंडूवर अंडीं घालते, आणि मुळांवरील सूत्रकृमि झेंडूच्या मुळांपुढें हटतात, हें आधींच ठाऊक होतें. २०१९ सालीं इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं झेंडूंतून हवेंत पसरणारें लिमोनीन, म्हणजे संत्र्यालिंबाच्या सालींतलेंच सुगंधी द्रव्य, टोमॅटोवरील पांढऱ्या माशीस दूर ठेवितें. झेंडू आरंभापासून शेजारीं असला तर उपयोग चांगला. माशा माजल्यावर आणून लावला तर फार उशीर झालेला असतो. हा प्रयोग कांचघरांतील माशीवर झाला होता, भेंडीच्या माशीवर नव्हे, एवढें लक्षांत ठेवून त्याचें मोल करावें.

मधल्या काळांत या सर्व शहाणपणावर एक मोठें झांकण पडलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कीटकनाशकें आलीं आणि फवारणीचा पंप हेंच सर्व रोगांवर उत्तर वाटूं लागलें. १९८०च्या दशकाच्या मध्यास आंध्रांतील गुंटूर-प्रकाशम् भागांत कापसावर नव्या पायरेथ्रॉइड औषधांचा मारा झाला, आणि बोंडअळी मरावी म्हणून केलेल्या त्या माऱ्यांत पांढऱ्या माशीचे वैरी गारद झाले. ही माशी एरवीं निराधार नसते. सुईच्या टोंकाएवढ्या गांधीलमाशा तिच्या पिल्लांत अंडीं घालतात, ढालकिडे व त्यांच्या अळ्या तिला खातात. हे पहारेकरी मेले, माशीला मात्र औषध पचूं लागलें, आणि पूर्वीं दुय्यम समजली जाणारी कीड पिकाची मालकीण झाली. १९९९ सालीं कर्नाटकांत कोलारच्या टोमॅटोवर परदेशांतून आलेला या माशीचा आणखी एक तापट वंश सांपडला. २०१५ सालीं पंजाबच्या कापसाची जी वाताहत झाली तीही हिनेंच केली.

दुसरी आशा बियाण्याची होती. हरभजन सिंह यांनीं तयार केलेली ‘पुसा सावनी’ ही भेंडी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून देशभर गाजली. कांहीं वर्षें केवड्यानें तिला स्पर्श केला नाहीं, मग ती हळूहळू बळी पडूं लागली. तेव्हां मराठवाड्यांत परभणीच्या कृषि विद्यापीठांत जांभळे व नेरकर यांनीं ‘पुसा सावनी’चा एका रानटी भाऊबंदाशीं संकर केला. ज्या रानभेंडीला शेतकरी उपटून फेंकतो, तिच्या अंगची काटक प्रतिकारशक्ति त्यांनीं अनेक पिढ्यांच्या निवडीनें भाजीच्या भेंडींत उतरविली. तीच ‘परभणी क्रांती’. १९८६ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रांतल्या भेंडीला जणुं पुन्हां श्वास मिळाला. कालांतरानें तिच्यावरही केवडा दिसूं लागला आहे. विषाणू बदलतो, माशीचा वंश बदलतो, आणि एकाच जातीची भेंडी जिल्ह्यांमागून जिल्हे पेरली जाते, मग दुसरें काय होणार?

आज पुणें जिल्ह्यांतला सावध भाजीवाला शेतकरी या सर्व इतिहासाचे तुकडे एकत्र करून वापरतो. टोमॅटोचीं रोपें तो बारीक विणीच्या नायलॉन जाळींत वाढवितो. भेंडीभोंवतीं मका आधीं पेरतो. बांधावरची रानभेंडी व इतर तण काढून टाकतो. पिंवळे चिकट पत्रे पिकाच्या उंचीस टांगतो आणि त्यांवर माशा दिसूं लागल्या कीं निंबोळीचा अर्क पानांच्या खालच्या बाजूस फवारतो. केवड्याचें पहिलें झाड दिसतांच तें उपटून पुरतो. हें शेवटचें काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. फुलावर आलेलें झाड स्वतःच्या हातानें उपटावयाचें आणि शेजाऱ्यासही उपटावयास लावावयाचें. कारण जाळें, मका, झेंडू, निंबोळी हें सारें एका शेतापुरतें असतें, आणि वाऱ्यावर आलेली माशी सात-बाराचा उतारा पाहत नाहीं. एका शेतकऱ्यानें मार्चमधलें रोगट पीक तोड संपल्यावर तसेंच उभें ठेविलें, तर त्याच्या शेजारची जूनची पेरणी उगवण्यापूर्वींच तिच्यासाठीं माशा तयार असतात. कांहीं गांवांत शेजारीशेजारी ठरवून एकाच आठवड्यांत जुनीं झाडें काढतात आणि मगच नवी पेरणी करतात; जेथें हें जमतें तेथें फवारणीचा खर्च कमी होतो, आणि गुलटेकडीच्या गाळ्यांत पहांटे उतरणारी भेंडी हिरवीगार असते.